हिंव, मोहोर आणि हवामानाचा अंदाज



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानासाठी पाचारण केले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलेल, किंवा फार तर नवकाव्यावर, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. 'हिवाळ्यातील हवामानाचा अंदाज' हा विषय मी कळविला तेव्हा संस्थेच्या चिटणिसांनी तो पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संशय स्वाभाविक होता. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते याच विद्यालयात भाषा आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवीत असत आणि एका तासातून दुसऱ्या तासात कधी शिरत ते विद्यार्थ्यांना कळतही नसे. त्यांच्याच वाटेने मी आज जाणार आहे.

डिसेंबर उजाडला की आकाशवाणीवर, दूरदर्शनवर आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हिवाळ्याची बातमी ठरलेल्या क्रमाने येते. काश्मीर आणि हिमाचल प्रदेशात हिमवृष्टी. पंजाब, हरियाणा, दिल्ली येथे थंडीची लाट आणि दाट धुके. महाराष्ट्रात निफाडचा पारा उतरला, महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले. आणि अगदी शेवटी, जागा उरली तर, गोव्यात हवामान कोरडे राहील. एवढेच. पेडण्याच्या बागायतदाराने किंवा डिचोलीच्या काजूवाल्याने या तीन-चार शब्दांतून काय घ्यायचे? वरवर पाहता काही नाही. बर्फ त्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेला नाही. तथापि माझे म्हणणे असे आहे की त्या बातमीचा पहिला भाग, म्हणजे हिमालयातील बर्फ, हाही आपल्यासाठीच असतो. तो आपल्या भाषेत पूर्वीच येऊन बसलेला आहे, आणि दर वर्षी वाऱ्यावर बसून आपल्या आंब्याच्या शेंड्यापर्यंत येतो.

आधी भाषेकडे पाहू. आपल्या पेडणे महालात, डिचोलीत, सत्तरीत थंडीला 'हिंव' म्हणतात. 'म्हाका हिंव जाता' असे म्हणणाऱ्या आजीला आपण बर्फाचे नाव घेत आहोत याची कल्पना नसते. संस्कृतातील 'हिम' म्हणजे बर्फ, आणि गोठविणारा गारठाही. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'म'चा सानुनासिक 'व' करणे ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, तसेच हिमाचे हिंव झाले. 'हिवाळा' हा तर सरळ 'हिमकाल' आहे, जसा 'उन्हाळा' हा 'उष्णकाल'. 'हेमंत' हे ऋतुनामही त्याच कुळातले. हे कूळ भारताबाहेरही पसरलेले आहे: लॅटिनमध्ये हिवाळ्याला 'हिएम्स' म्हणतात, रशियनमध्ये 'झिमा', आणि ग्रीकमध्ये 'खिओन' म्हणजे प्रत्यक्ष बर्फ. कोठल्या तरी थंड प्रदेशातल्या माणसांनी बर्फाला दिलेले नाव हजारो वर्षे चालत चालत तेरेखोलच्या किनाऱ्यावर आले. वाटेत बर्फ वितळला, शब्द तेवढा पोहोचला.

या शब्दावर मालकी मराठीची की कोंकणीची, असा वाद कोणी काढू नये. दोघींनी तो एकाच आईकडून घेतला आहे. मराठी बोलणाऱ्यांनी मात्र 'हिंव' जवळजवळ टाकून दिले आणि 'थंडी'वर भागविले; 'हिवाळा' आणि 'हिवताप' या दोन जोडशब्दांत तेवढे ते शिल्लक राहिले. हिवताप हे नाव आले ते अंगात भरणाऱ्या हुडहुडीवरून. जुन्या गोव्याची राजधानी ज्या रोगराईने ओस पडली तीत या तापाचा वाटा मोठा मानला जातो. म्हणजे ज्या भूमीत बर्फ पडला नाही, तिथे बर्फाच्या नावाचा ताप मात्र मुबलक होता. दुसरा शब्द 'शीतल'. त्याचे मराठीत 'शिळे' झाले. निवालेले अन्न ते शिळे अन्न. आमच्याकडच्या बोलीत मात्र शेळे उदक म्हणजे थंड पाणीच. तिथे मूळ अर्थ अजून ताजा आहे.

एवढे शब्द असूनही एक उणीव मला जाणवते. पावसासाठी आपल्या शेतकऱ्याजवळ संपूर्ण पंचांग आहे. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक नक्षत्राचा स्वभाव त्याला ठाऊक आहे, प्रत्येकाचे वाहन तो विचारतो. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेली भाकितेही मुख्यतः पावसाचीच आहेत. थंडीच्या वाट्याला असे काही आले नाही. काश्मिरी माणसाने आपल्या हिवाळ्याचे तुकडे पाडून त्यांना नावे दिली आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलां', त्यानंतरचे वीस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटचे दहा 'चिल्लई बच्चा'. थोरली थंडी, धाकटी थंडी आणि थंडीचे पोर! जिथे जगणे ज्यावर अवलंबून असते तिथे माणूस नावे ठेवतो. आपण पावसावर जगलो, म्हणून पावसाला नावे ठेवली. पण आपण थंडीवरही जगतो हे आपल्या ध्यानात उशिरा आले.

आता वाऱ्याकडे वळतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले कमी दाबाचे पट्टे हिवाळ्यात इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन भिडतात. हवामानखाते यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते, वृत्तपत्रे 'पश्चिमी चक्रावात' लिहितात. असा एक पट्टा आला की काश्मीर-हिमाचलात बर्फ पडतो, पंजाबात पाऊस होतो. तो पूर्वेकडे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, थंड हवा मोकळी सुटते. राजस्थान, गुजरात, माळवा करीत ती महाराष्ट्रात उतरते. निफाडच्या द्राक्षबागांना कापरे भरविते. सह्याद्रीच्या कडेने खाली येईतो तिची धार बरीच बोथट झालेली असते, आणि दोन-चार दिवसांनी तिचा उरलासुरला श्वास पेडण्यास पोहोचतो. काश्मीरमधल्या बर्फाची बातमी ऐकून जो आपल्या आंब्याकडे पाहतो त्याने अंदाज बरोबर वाचला असे मी म्हणेन. उलट वाऱ्याने दिशा पालटली, पूर्वेकडून बंगालच्या उपसागराचे बाष्प येऊ लागले, की आभाळ भरते, रात्र उबदार होते आणि थंडी पाहुणीसारखी न सांगता निघून जाते.

परंतु आपली थंडी सगळीच काही उसनी नव्हे. शाळेत आपण 'खारे वारे' आणि 'मतलई वारे' घोकले. दिवसा समुद्रावरून येतो तो खारा, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई. हिवाळ्यात आकाश निरभ्र असते, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निसटते. सड्यावरचा जांभा दगड संध्याकाळपर्यंत तापलेला असतो, पहाटे तो हाताला गार लागतो. जड झालेली थंड हवा उतारावरून ओघळत दरीत साचते. म्हणून एकाच रात्री मोरजीच्या किनाऱ्यावर, मोपाच्या सड्यावर आणि सांखळीला वाळवंटीच्या काठावर तीन निरनिराळ्या थंड्या असतात. समुद्र जवळ असला की तो थंडीला फार खाली उतरू देत नाही. डिचोलीच्या आतल्या गावांना ते संरक्षण नाही. तिथे पहाट अधिक गार आणि दुपार अधिक तापलेली. साचलेल्या या हवेत धूरही अडकतो आणि धूळही. खाणींच्या पट्ट्यात ज्यांनी हिवाळ्याच्या सकाळी खनिजवाहू ट्रकांच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना त्या लालसर धुक्याचे अधिक वर्णन करून सांगायला नको.

या तीन थंड्यांसाठी आपल्याला मिळतो बहुधा एकच आकडा, पणजीचा. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्यालय १९२८ साली पुण्यात आले आणि १९४४ साली दिल्लीस गेले. पणजीला आल्तिनच्या टेकडीवर त्याचे केंद्र आहे. पाऊस पेडण्यास मोजतात, सांखळीस मोजतात, वाळपईस मोजतात. थंडीची बातमी मात्र पणजी आणि मुरगाव या दोन किनारी ठाण्यांवर येऊन थांबते. जानेवारीत पणजीचे सरासरी किमान तापमान सुमारे २० अंश सेल्सिअस असते. दिल्लीकराला हा आकडा सांगितला तर तो पंखा लावील. पण थंडी ही सवयीच्या तुलनेत मोजायची वस्तू आहे, आणि हवामानशास्त्रानेही हे मान्य केले आहे. मैदानी प्रदेशात थंडीची लाट जाहीर करायची तर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यावे लागते आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असावे लागते. किनाऱ्यावर १० अंश क्वचितच येतात, म्हणून तेथे १५ अंशांची वेगळी मर्यादा ठरविली आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला वाऱ्यामुळे थंडी आकड्याहून अधिक झोंबते, हे तिथे विचारात घेतले आहे. शास्त्राच्या रूक्ष नियमावलीत आपल्या हुडहुडीची ही दखल मला फार माणुसकीची वाटते.

एके काळी या थंडीचे गणित तारखेवर नव्हते, जत्रांवर होते. त्रिपुरारी पौर्णिमेला सांखळीजवळ विठ्ठलापूरच्या वाळवंटी नदीत नौका सोडतात, तेव्हा पाण्यावर पहिला गारवा आलेला असे. मग गावोगावच्या जत्रा आणि काले. पेडण्याच्या जत्रेत दशावतारी नाटक रात्रभर चालते. संकासुराच्या प्रवेशाला माणसे हसत असतात आणि पहाटेच्या युद्धाला कांबळी कानांवरून ओढून घेतात, हे मी लहानपणी कित्येकदा पाहिले आणि केलेही आहे. पौषात मांडावर बायकांचे धालो रंगतात, तेही रात्रीच. उघड्या आभाळाखाली रात्रभर बसता येईल असा ऋतू आपल्याकडे हाच एक. पावसाळ्यात ते शक्य नाही आणि वैशाखात उकाडा बसू देत नाही. आपली अर्धी लोककला या कोरड्या थंड रात्रींवर उभी आहे. 'हवामान कोरडे राहील' या वाक्याचा अर्थ दशावतारी मंडळाच्या मालकाला विचारा. तो म्हणेल, आजचा प्रयोग होणार.

आणि आता मोहोर. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या भागातल्या घरांचे वर्षाचे गणित इथेच सुटते किंवा फसते.

आंब्याच्या शेंड्यातून पालवी फुटायची की मोहोर, हे मुख्यतः हिवाळ्याच्या रात्री ठरवितात. पावसाळा संपून जमीन वाळू लागली आणि रात्रीचे तापमान काही आठवडे विशीच्या खाली राहिले, तर डोळ्यात मोहोराची घडण होते. डिसेंबर उबदार गेला की तोच डोळा तांबूस कोवळी पाने घेऊन येतो. पाहायला सुंदर, पण मालकाच्या पोटात गोळा उभा करणारी पालवी! म्हणजे थंडी हवीच. मात्र ती बेताची हवी. रात्री पंधरा अंशांच्या खाली जाऊ लागल्या तर मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते, फळे धरणारी फुले घटतात. थंडी येऊन जावी तेव्हा गेली नाही, फळधारणेनंतरही मुक्काम ठोकून बसली, तर झाड पुन्हा मोहोरते. नवा मोहोर अन्नरस ओढून घेतो आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळे गळून पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापुसाच्या या 'पुनर्मोहोरा'चा बराच अभ्यास केला असून जिबरेलिक आम्लाच्या फवारणीचा उपाय सुचविलेला आहे. आपल्या मानकुरादाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाते, मोहोर राखायला रात्रच लागते. त्यातून आभाळ आले, दमट धुके पडले, की तुडतुडे आणि भुरी मोहोरावर तुटून पडतात.

काजूची कथा वेगळी, पण शेवट तोच. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड डिचोली-सत्तरीच्या डोंगरउतारांवर इतके रुळले की ते परके असल्याचे आता सांगावे लागते. त्याचाही फुलोरा याच दिवसांत. ढगाळ, दमट हवेत ढेकण्या नावाचा कीटक कोवळे शेंडे शोषून काळे करतो आणि पाहता पाहता फुलोरा जळल्यासारखा दिसतो. मग बिया कमी, बोंडू कमी, आणि मार्चमधले हुर्राक आणि पुढची फेणीही कमी.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अंदाज देणारा एका रात्रीचा आकडा देतो. बागायतदाराचा प्रश्न मुदतीचा असतो. 'उद्या किती' हे त्याला फारसे नको असते. थंडी किती दिवस टिकेल, वारा कोठून आहे, दंव पडेल काय, आभाळ येईल काय, हे त्याला हवे असते. हवामानखात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेत आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि शेतीचा सल्ला दिला जातो. आपल्याकडे ते काम जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून चालते. हे काम मोलाचे आहे. माझी तक्रार असलीच तर आपणा वाचणाऱ्यांविषयी आहे. पदवीपर्यंत शिकलेला मुलगाही 'सापेक्ष आर्द्रता' हे शब्द ओलांडून पुढे जातो. त्याच्या आजोबांना तीच गोष्ट अंगणातल्या दंवावरून कळत होती, पण आजोबांचा शब्द आणि खात्याचा शब्द यांची गाठ कोणी घालून दिली नाही. भाषेच्या शिक्षकांनी ती घालून द्यायला हवी होती.

अंदाज न वाचण्याची किंमत कधी एका रात्रीतही चुकवावी लागते. २०१७ सालच्या डिसेंबरच्या आरंभी 'ओखी' हे चक्रीवादळ केरळ-लक्षद्वीपकडून अरबी समुद्रात वर सरकले. ते गोव्यावर आलेच नाही. दूर समुद्रातूनच निघून गेले. परंतु त्याने उठविलेल्या लाटा ३ डिसेंबरच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर चढल्या. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथील शॅक्समध्ये पाणी शिरले, वाळूवर मांडलेला हंगाम विस्कटला. हिवाळा म्हणजे शांत समुद्र, ही आपली ठाम समजूत. खाते वारा आणि लाटा यांविषयी सांगत होते. आपण 'वादळ इकडे येणार नाही' एवढेच ऐकले.

मोपाच्या सड्यावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ आला म्हणजे वाऱ्याची दिशा, वेग, तापमान आणि दृश्यमानता यांची दिवसरात्र नोंद आली. वैमानिकासाठी पेडण्याची थंडी आता लिहिली जाते, याचा मला आनंदच आहे. सड्याखालच्या काजूच्या मळ्यात त्याच वेळी किती थंडी आहे, हे मात्र त्या नोंदीवरून समजणार नाही. सडा आणि दरी यांची थंडी एक नसते हे मघाशी आलेच आहे.

म्हणून या विद्यालयापुढे मी एक छोटी सूचना ठेवतो. ती खर्चाची नाही. एक चांगला किमान-कमाल तापमापक, तो सावलीत टांगायला हवेशीर झडपांची लाकडी पेटी, आणि एक जाड पुठ्ठ्याची वही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रोज सकाळी सात वाजता दोन विद्यार्थ्यांनी नोंद करावी: रात्रीचे किमान तापमान, वाऱ्याची दिशा, आभाळ, दंव पडले की नाही, धुके किती वाजता उठले. शाळेच्या आवारातल्या आंब्याला पहिला मोहोर कोणत्या दिवशी दिसला, जवळच्या काजूला पहिला फुलोरा कधी आला, हेही लिहावे. शेवटचा रकाना रिकामा ठेवावा आणि त्यावर 'घरी काय म्हणाले' असे शीर्षक द्यावे. त्या सकाळी आजीने, वडिलांनी, शेजारच्या पाडेल्याने थंडीविषयी जो शब्द उच्चारला असेल तो जसाच्या तसा तिथे उतरवावा, मग तो मराठी असो, कोंकणी असो, की दोन्हींचा मिळून झालेला असो. आकडे कोणत्याही यंत्रातून मिळतील. हा रकाना भरणारे यंत्र अजून निघालेले नाही.

दहा हिवाळ्यांच्या अशा दहा वह्या जमल्या तर जुने गोवे येथील संशोधकांना त्या पाहाव्याशा वाटतील, आणि मराठीच्या एखाद्या अभ्यासकालाही. तापमापक आणि पहिली वही मी आज बरोबर आणली आहे. व्याख्यानानंतर ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीन. नोंद सकाळी सातलाच व्हावी, उन्हे पेटीवर येण्यापूर्वी, आणि रविवारी व सुटीच्या दिवशी ती कोणी घ्यायची हे शाळेने आधीच ठरवून ठेवावे.